खटपट्या धुंडिराज – दादासाहेब फाळके यांची वेगळी ओळख



पालकसभेत दरवर्षी एक तक्रार हमखास येते. मुलगा अभ्यासाला बसत नाही, नुसती खटपट करत असतो. रिमोट उघडून ठेवला, खेळण्यातली मोटर काढून पंखा केला, मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बनवतो, जादूचे प्रयोग करतो आणि सिनेमाचं वेड तर विचारूच नका. आज एक धरतो, उद्या सोडतो. अशा मुलाचं करायचं काय?

मी पण बरीच वर्षं ठरलेलं उत्तर द्यायचो, आधी अभ्यास, मग छंद. यंदा ३० एप्रिलच्या निमित्ताने दादासाहेब फाळके यांच्यावर पाठनिबंध तयार करायला घेतला आणि त्यांचं चरित्र नीट वाचलं. तेव्हा लक्षात आलं की आपण मुलांना फाळक्यांबद्दल फक्त दोन वाक्यं सांगतो. त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि ते भारतीय चित्रपटाचे जनक. पण तो चित्रपट आला तेव्हा फाळके त्रेचाळीस वर्षांचे होते! त्याआधी हा माणूस काय करत होता? तर हेच. खटपट. आज आपण हेच फाळके बघणार आहोत.

त्र्यंबकचा धुंडिराज

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर इथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या, पाठांतर, पूजा-अर्चा. मुलानेही शास्त्री व्हावं असंच वातावरण. पण याचा ओढा चित्रं काढण्याकडे. वडिलांना मुंबईच्या कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली, कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये धुंडिराजचं नाव सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झालं.

पुढे तो बडोद्याला गेला. तिथे सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन नावाची संस्था उभी राहिली होती. नाव कलाभवन असलं तरी ती फक्त चित्रकलेची शाळा नव्हती, तिथे हस्तकौशल्याचं आणि तंत्राचं शिक्षण होतं. धुंडिराजने तिथे चित्रकला केली, मातीकाम-मूर्तिकाम केलं, फोटोग्राफी शिकला. एवढ्यावर थांबला नाही. फोटोवरून छपाईचे ठसे कसे बनवतात, काळ्या-पांढऱ्यामधल्या राखाडी छटा बारीक ठिपक्यांनी कशा छापतात, तीन रंगांचे ठसे एकावर एक छापून रंगीत चित्र कसं तयार होतं, हे सगळं त्याला शिकायचं होतं.

इथे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी या मुलाची खटपट ओळखली. त्यांनी त्याला संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. इतकंच नाही, तर छपाईच्या तंत्रासाठी रतलामला शिकायला पाठवलं. विद्यार्थ्याला प्रयोगशाळा मोकळी करून देणं हे सोपं नसतं हो. साहित्य फुटेल, रसायनं सांडतील, वरून कोणी विचारेल, ही भीती आपल्याला पण असते. आपल्या शाळेतला विज्ञानपेटीचा संच कपाटात का असतो ते आपल्याला माहीत आहे. गज्जरांनी ती भीती बाजूला ठेवली.

एक ना धड...

शिक्षण झाल्यावर काय? धुंडिरावांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला.  पण प्लेगची साथ आली. पत्नी आणि मूल, दोघंही त्यात गेली. विचार करा, तिशीतला माणूस. हातात कला आहे, पण घर रिकामं झालं.

ते बडोद्याला परतले आणि तिथे फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. पण फोटो काढला की कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो, असा समज लोकांमध्ये होता. गिऱ्हाईक येईना. नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. नाटकाची मांडणी कशी करतात ते जवळून पाहिलं. आणि याच काळात त्यांना जादूच्या प्रयोगांचा नाद लागला. नुसता बघण्याचा नाही, करण्याचा! हातचलाखी, वस्तू गायब करणं, पुन्हा हजर करणं. ते लोकांपुढे प्रयोग करायचे, तेही टोपणनावाने. नाव काय, तर प्रोफेसर केळफा. आता हे नाव फळ्यावर लिहा आणि मुलांना उलटं वाचायला सांगा. के-ळ-फा, फा-ळ-के! आमच्या चौथीच्या वर्गाला हे कळल्यावर पुढची दहा मिनिटं प्रत्येक जण स्वतःचं आडनाव उलटं करत होता.

१९०२ च्या सुमारास त्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं माहेरचं नाव गिरिजा, सासरचं सरस्वती. या सरस्वतीबाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याशिवाय गोष्ट सरकत नाही.

मग भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आकृत्या काढणारा म्हणून नोकरी मिळाली. सरकारी नोकरी! आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण यांनी ती थोड्याच वर्षांत सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा उद्योग काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केलं. देवादिकांची जी चित्रं त्या काळी घराघरात भिंतीवर लागली, त्या छपाईच्या जगात फाळके वावरत होते. पुढे भागीदारीत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभं राहिलं, छापखाना दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालू लागला. आणि मग भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला.

आता मोजून बघा. चित्रकला, मूर्तिकाम, फोटोग्राफी, ठसे, पडदे, जादू, सरकारी नोकरी, छापखाना. वय चाळीस. हातात काही नाही. आपल्याकडे अशा माणसाला एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात. त्या वेळी त्यांच्या नातेवाइकांनी काय म्हटलं असेल, याचा अंदाज आपण सहज करू शकतो. कारण पालकसभेत आपण तेच ऐकतो, आणि खरं सांगायचं तर कधी कधी आपणच बोलतो.

पडद्यावरचा येशू

१९१०-११ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईत गिरगाव भागात परदेशी चित्रपट दाखवले जायचे. चित्रपट म्हणजे मुके. आवाज नाही, फक्त हलणारी चित्रं. फाळक्यांनी तिथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. डोळ्यांपुढे येशूचं चरित्र चाललं होतं आणि मनात राम आणि कृष्ण दिसत होते. आपले देव, आपल्या कथा अशा पडद्यावर का येऊ नयेत? रविवर्म्यांची चित्रं घरोघर गेली, मग ही हलणारी चित्रं का जाणार नाहीत? ते पुन्हा गेले, सरस्वतीबाईंना घेऊन गेले.

त्यानंतर घरात एकच विषय. एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळं आणली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून पाडून रात्री घरच्या भिंतीवर चित्रं दाखवायची. दिवसाचे चार-पाच तास चित्रपट बघायचे, ते करमणुकीसाठी नाही, तर हे कसं केलं असेल ते शोधण्यासाठी. झोप जवळजवळ नाहीच. असं सहा महिने चाललं आणि डोळ्यांनी दगा दिला. दिसेनासं झालं! चित्र हेच ज्याचं आयुष्य, त्याला दिसेना. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार वेगवेगळ्या चष्म्यांनी दृष्टी परत आली.

मुलांना सांगताना हा भाग मी झाकत नाही. छंद चांगला, पण डोळ्यांची आणि झोपेची किंमत देऊन नाही. स्क्रीनवर तासन् तास बसणाऱ्या मुलांना हे फाळक्यांच्या गोष्टीतून सांगितलं तर ती ऐकतात. आपण नुसतं रागावलो तर ऐकत नाहीत.

बरं झाल्यावर फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलं आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाले. तिथे 'बायोस्कोप' या चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रपट निर्मात्याचा स्टुडिओ पाहायला मिळाला. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म यांची सोय करून एप्रिलमध्ये ते घरी आले. पेट्या नंतर बोटीने आल्या. पेट्या उघडून त्यांनी सगळी यंत्रं स्वतः जोडली. छापखान्यात यंत्रांशी झटापट केलेली होतीच.

कुंडीतला वाटाणा

यंत्रं आली, पण चित्रपटाला लागणारा पैसा कुठून आणायचा? कर्ज आधीच डोक्यावर. आणि हलणारी चित्रं हा माणूस घरच्या घरी तयार करू शकतो, यावर विश्वास कोण ठेवणार?

इथे फाळक्यांनी जे केलं ते मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला आणि समोर कॅमेरा ठेवला. कॅमेरा हलवायचा नाही. महिनाभराहून जास्त दिवस त्या कुंडीचं थोडं थोडं चित्रण करायचं. अंकुर येतो, पानं फुटतात, वेल वर चढतो, हे आपल्याला उघड्या डोळ्यांनी कधी हलताना दिसत नाही. पण तुकडे सलग दाखवले की दाण्याचा वेल मिनिटभरात डोळ्यांपुढे वाढतो. या चित्रपटाचं नाव 'अंकुराची वाढ'.

यात गणिताचा छान पाठ आहे. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावर जायची. म्हणजे एका मिनिटाला ९६० चित्रं. महिन्याचे ३० दिवस धरले तर रोजची ३२ चित्रं. काही ठिकाणी रोज एकच चित्र घेतलं असं वाचायला मिळतं. मुलांना विचारा, तसं असेल तर चित्रपट किती वेळ चालेल? ३० भागिले १६, दोन सेकंदसुद्धा नाही! आमच्या वर्गात एका मुलीने हे उत्तर सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाली की एवढ्यात तर अंकुर दिसणार पण नाही.

हा चित्रपट फाळक्यांनी काही निवडक लोकांना दाखवला. तो बघून पैसे लावायची तयारी झाली. एका वाटाण्याच्या दाण्यावर कर्ज मिळालं म्हणायला हरकत नाही. तरीही ते पुरेसं नव्हतं. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि सरस्वतीबाई

दादरच्या घरातच स्टुडिओ झाला. चित्रपटात काम करणं हलकं समजलं जायचं, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असं सांगा. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांना दिसले. पगार दहा रुपये होता, फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र.

आता सरस्वतीबाईंचं काम बघा. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती यंत्राने पाडावी लागत. फिल्मवर उजेड पडला की ती वाया जाते, म्हणून हे काम अंधारात. 'राजा हरिश्चंद्र' होता सुमारे ३७०० फूट. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं, म्हणजे चित्रामागे आठ. ३७०० गुणिले १६ गुणिले ८. गुणाकार करा, चार लाख त्र्याहत्तर हजारांच्या वर भोकं होतात! वाया गेलेली फिल्म वेगळीच. हे भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करायच्या, दिवसभराचं घरकाम आटोपल्यावर. शिवाय फिल्म धुण्याची रसायनं कालवायची, उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचा आणि साठच्या वर माणसांचा स्वयंपाक करायचा. पाठ्यपुस्तकात आणि भाषणात आपण फाळक्यांना एकटं उभं करतो. तसं ते कधीच नव्हते.

सहा महिने आणि काही दिवसांत चित्रपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसाठी लागला आणि गर्दी झाली.

आता मागे वळून ती चिंध्यांची यादी पुन्हा वाचा. चित्रकला आणि पडदे? देखावे रंगवायला लागले. मूर्तिकाम? मांडणीला. फोटोग्राफी आणि ठसे? कॅमेरा आणि फिल्म धुण्याला. छापखाना? यंत्रं जोडायला. नाटक? नटांकडून काम करून घ्यायला. आणि जादू? मुक्या चित्रपटात देव प्रकट व्हायचे, अदृश्य व्हायचे, ते प्रोफेसर केळफाच करत होते. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये मारुती आकाशात उडाला आणि लंका पेटली. त्याच चित्रपटात अण्णा साळुंके राम पण झाले आणि सीता पण. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

मोठ्या चित्रपटांबरोबर त्यांनी छोट्या गमतीही केल्या. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या स्वतःहून हलतात असं दिसतं. काडी जरा सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. वाटाण्याचीच युक्ती, फक्त इथे वाढवणारा निसर्ग नाही, माणसाचा हात आहे. प्रोफेसर केळफाची जादू दाखवणारा चित्रपट पण त्यांनी काढला. आणि 'चित्रपट कसे तयार करतात' यात स्वतः काम करताना दिसून सगळं गुपित लोकांपुढे उघडं केलं. जादूगार युक्ती लपवतो, शिक्षक ती सांगतो. फाळक्यांनी दोन्ही केलं.

शेवट, जसा होता तसा

मुलांना गोष्ट सांगताना आपल्याला इथेच थांबावंसं वाटतं. पण पुढचं आयुष्यही त्यांचंच आहे. फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला, १९१८ मध्ये भागीदारांसोबत 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली. पुन्हा मतभेद झाले, ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिलं, काही काळाने परत आले. १९३१ मध्ये बोलपट आला आणि सगळं तंत्र बदललं. ज्याने मुक्या चित्रांचं तंत्र स्वतःच्या हाताने उभं केलं, त्याला नवं तंत्र तितकं साधलं नाही. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांनी बोलपट म्हणून काढलेला एकमेव चित्रपट. पैसा हातात राहिला नव्हता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ मध्ये सुरू झाला. त्यांचे बरेचसे चित्रपट आज बघायलाही मिळत नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपली आहेत.

म्हणून छंद जोपासा म्हणजे मोठे व्हाल, श्रीमंत व्हाल, असं मी मुलांना आता सांगत नाही. ते खरं नाही. भागीदारी टिकवणं, हिशोब ठेवणं, घरच्यांना किती ओढायचं ते ओळखणं, हेही शिकावं लागतं, आणि फाळक्यांना ते जमलं नाही. पण शिकलेली एकही गोष्ट त्यांच्या बाबतीत वाया गेली नाही, हेही तितकंच खरं आहे. गज्जर सरांनी प्रयोगशाळा बंद ठेवली असती किंवा सरस्वतीबाईंनी दागिने दिले नसते, तर प्रोफेसर केळफा गल्लीतले जादूगार म्हणूनच संपले असते. आपल्या वर्गातल्या खटपट्याच्या आयुष्यात आपण कोण व्हायचं, हा प्रश्न आपला आहे.

वर्गात करून बघा

१. पारदर्शक ग्लासात ओली माती घ्या, काचेला चिकटून वाटाण्याचा किंवा पावट्याचा दाणा लावा. ग्लासची आणि मोबाईल ठेवण्याची जागा खडूने आखून घ्या. रोज ठरलेल्या वेळी त्याच जागेवरून पाच-सहा फोटो काढा. पंधरा दिवसांनी सगळे फोटो ओळीने भरभर सरकवून दाखवा. (पहिल्या वेळी आमची जागा सफाईत पुसली गेली आणि रोप मधेच उडी मारतंय असं दिसलं. मुलांना कॅमेरा का हलवायचा नाही ते त्यातूनच कळलं.)

२. वर दिलेला भोकांचा गुणाकार मोठ्या मुलांकडून करून घ्या. मग अंधारात बसून भोकं पाडणाऱ्या सरस्वतीबाईंबद्दल पाच ओळी लिहायला सांगा.

३. घरातल्या कोणत्या मोठ्या माणसाला लहानपणी कसला नाद होता आणि तो का सुटला, हे मुलांनी घरी विचारून यावं. पालकांनो, उत्तर खरं द्या बरं का!

आणि तो रिमोट उघडणारा मुलगा? यंदा त्याच्या आईला मी वेगळं उत्तर दिलं. म्हटलं, घरातला चालू रिमोट लपवून ठेवा आणि बंद पडलेला त्याच्या हातात द्या. सोबत एक स्क्रू ड्रायव्हर पण.

तुमच्या वर्गात वाटाणा कसा वाढला ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या पाठात.